सहा कोनांची कौदी

"अत्ती, बारशाला तुमची कौदी पण आणा हं. खाली अंथरायला होईल."

शिवलीला हे सासूला अगदी साध्या मनाने म्हणाली. पहिल्या बाळंतपणासाठी ती अकलूजला माहेरी गेली होती. मुलगी होऊन आठवडा झाला होता आणि रोज संध्याकाळी ती सोलापूरला सासूला व्हिडिओ कॉल करून नात दाखवायची. बसम्मा फोनच्या काचेवर बोट फिरवून नातीचा गालगुच्चा घ्यायची, त्यात कधी कधी फोनच बंद व्हायचा, आणि मग पुन्हा लावायचा. रोजचा आनंदाचा कार्यक्रम. पण त्या दिवशी 'खाली' हा शब्द बसम्माच्या कानात जो जाऊन बसला तो उठायलाच तयार होईना. आपली कौदी खाली. मग वर काय?

वर काय, ते लगेच दिसलं. शिवलीलाने फोन फिरवला, तर तिची आई महानंदाबाई खिडकीपाशी बसून शिवत होत्या. मांडीवर रंगीत कापडाचे सहा कोनी तुकडे, एक मधे आणि सहा भोवती, अशी फुलंच फुलं जोडलेली. महानंदाबाई शाळेतून रिटायर झालेल्या, त्यामुळे न विचारता समजावून सांगायची त्यांना सवय होती. हे कापड पुण्याहून मागवलंय, यावर सहा कोन छापूनच येतात, बाहेरच्या रेघेवर कापायचं, आतल्या रेघेवर शिवायचं, अवघड काहीच नाही, फक्त नजर पाहिजे, असं त्यांनी सांगितलं.

आता बसम्माच्या सासरी एक रीत होती. बाळाला पाळण्यात पहिल्यांदा घालायचं ते आजीच्या हातच्या कौदीवर. कौदी म्हणजे जुन्या मऊ साड्यांच्या घड्या एकावर एक घालून, बारीक धावदोरा घालत शिवलेली गोधडी. अक्कलकोटच्या बाजूला तिला कौदीच म्हणतात, आणि बसम्माचं माहेर अक्कलकोटच्याही पलीकडचं. भावकीतली निम्मी पोरं तिच्या कौदीवर वाढलेली. आजीची कौदी म्हणजे कुठल्या आजीची, हे मात्र रीतीने कधी सांगितलं नव्हतं, कारण दुसऱ्या कुठल्या आजीने आजवर सुई हातात धरलीच नव्हती.

बसम्मा बाई वाईट नव्हती हो. कुणाच्या अडीनडीला धावून जाणारी, आल्या-गेल्याला जेवू घालणारी. फक्त दुसऱ्याचं कौतुक झालं की तिच्या छातीत जळजळायचं, आणि त्यावर सोडा पिऊन उपयोग होत नसे. ती फोनकडे तोंड करून गोड हसली आणि म्हणाली, "आमी बी तसलीच करतोय की, विहीणबाई. सहा कोनांची."

"हो का? वा!" महानंदाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "पण फार बारीक काम आहे हो ते. तुम्हाला झेपेल ना?"

झेपेल ना! फोन बंद झाल्यावर बसम्माने ते दोन शब्द नवऱ्याला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवले. विरुपाक्षअण्णांनी भुसार दुकान मुलाच्या, बसवेशच्या हवाली केल्यापासून ते पेपर वाचायचं एकच काम करत. त्यांनी पेपरामागूनच विचारलं की तू सहा कोनांची कधी करायला घेतलीस. "आत्ता," असं म्हणून बसम्मा चपला घालून बाहेर पडली.

शेजारी प्रदीप राहायचा. तो शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात होता. सोलापुरात असे कारखाने गल्लोगल्ली, आणि मे महिना आला की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. कापड कापायच्या आधी खिसा कुठे, चुणी कुठे याच्या खुणा तिथे जाळीच्या चौकटीतून कापडावर छापतात. त्या शाईची गंमत अशी की कपडा शिवून झाला आणि त्यावर इस्त्री फिरवली की खुणा आपोआप उडून जातात. बसम्माला हे ठाऊक होतं, कारण प्रदीपने एकदा तिला ते करून दाखवलं होतं. पुण्याहून छापून येतं म्हणे! आपल्या शेजारी छापतात की.

प्रदीप नाही म्हणायच्या बेतात होता, पण बसम्माने त्याच्या आईच्या आजारपणात दोन्ही वेळचे डबे पोचवले होते आणि आत्ता तिने ते बोलून दाखवलं नाही, नुसती उभी राहिली. तो रविवारी कारखाना बंद असताना छापून द्यायला तयार झाला. बसम्माने ट्रंकेतल्या ठेवणीतल्या इरकली काढल्या. एक जांभळी, एक मोरपंखी, एक डाळिंबी, लग्नातली. विरुपाक्षअण्णा म्हणाले की अगं, ही तर तुझी जीव की प्राण. बसम्मा म्हणाली की नातीपेक्षा जास्त हाय का. खरं म्हणजे तिला म्हणायचं होतं, विहिणीपेक्षा.

रविवारी संध्याकाळी साड्या आल्या. त्यावर ओळीने षटकोन, मधमाशीच्या पोळ्यासारखे एकाला एक चिकटून, प्रत्येकाला बाहेरची रेघ आणि आतली रेघ. बसम्मा हरखून गेली. प्रदीपने एकच बजावलं होतं, "काकू, शिवून होईस्तोर याला गरम लागू देऊ नका. रेघ उडून जाती." बसम्माने घरातली इस्त्री उचलली, फडक्यात बांधली आणि कपाटावर टाकली. बसवेशला सांगितलं की बारशापर्यंत चुरगळलेलाच शर्ट घालून दुकानात जायचं.

एवढी काळजी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याच साड्या तिने गच्चीवरच्या पत्र्यावर वाळत घातल्या.

यात तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. शाईला उग्र वास येत होता. आणि सोलापुरात मे महिन्यात जे जे म्हणून घरात येतं ते पत्र्यावर जातंच. गहू जातात, डाळी जातात, गाद्या, शेवया, कुरडया, पापड, मिरच्या, सगळं जातं. तान्ह्या लेकराच्या अंगाला लागणारं कापड तर ऊन दाखवल्याशिवाय घ्यायचंच नाही, हे तिच्या आईने शिकवलेलं. गरम म्हणजे इस्त्री, एवढंच तिच्या डोक्यात. सोलापूरचा पत्रा भर दुपारी काय असतो, हे ज्याने त्यावर अनवाणी पाय ठेवलाय त्यालाच माहीत.

उन्हं कलल्यावर ती वर गेली. शेवया कडक झाल्या होत्या. साड्या अगदी कोऱ्या होत्या. जांभळी नुसती जांभळी, डाळिंबी नुसती डाळिंबी. कोनाचा पत्ता नाही.

बसम्माने तिन्ही साड्या उलटसुलट करून पाहिल्या. पहिला संशय अर्थातच अकलूजवर. कुणीतरी दृष्ट लावली, आणि दृष्ट लावण्याइतकं जळणारं जगात दुसरं होतं कोण? आपण स्वतः रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या फुलांवर डोळे रोखून बसलो होतो, हे तिला त्या क्षणी आठवलं नाही. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, तरी रेघा आल्या नाहीत. मग ती प्रदीपकडे गेली.

प्रदीपने कपाळावर हात मारून घेतला. आता पुन्हा छापणं जमणार नव्हतं, कारण सहा कोनांची चौकट धुऊन त्यावर स्कर्टाच्या चुण्या चढल्या होत्या आणि शाळा उघडेपर्यंत त्या उतरणार नव्हत्या. पण एक उपाय होता. "काकू, ही शाई थंडीत परत येती," तो म्हणाला. "मागं आमचे युनिफॉर्म पार हिमालयात गेलेले. हिवाळ्यात सगळ्या पोरांच्या खिशावर रेघा उमटल्या. माल परत आला की."

"मग गार करायचं व्हय?"

"लई गार. बर्फागत."

बसम्माने घरी येऊन फ्रिजचा बर्फाचा कप्पा रिकामा केला. त्यात एका साडीचा पदरसुद्धा बसेना. तिने कोंबला, तर दार लागेना. दाराला विरुपाक्षअण्णांना टेकून उभं केलं, तर ते पेपर मागायला लागले. शेवटी तिन्ही साड्या पिशवीत बांधून ती कोपऱ्यावरच्या गुरप्पाच्या डेअरीत गेली. गुरप्पाकडे आइस्क्रीमचा मोठा फ्रीझर होता. गुरप्पा म्हणाला की वैनी, इथं खायचा माल असतो. बसम्मा म्हणाली की धुतलेल्या हायेत. बराच वेळ घासाघीस होऊन कुल्फीच्या खाली, अगदी तळाला, साड्यांना जागा मिळाली.

लग्नसराईचे दिवस. रात्रीपर्यंत गुरप्पाने दोन-तीन गिऱ्हाइकांना कुल्फीबरोबर पिशवीतून लोंबणारा इरकलीचा काठही वर ओढला, आणि एका बाईंनी तर ही डाळिंबी कितीला मीटर म्हणून विचारलं. बसम्मा तिथेच स्टुलावर पहारा देत बसली होती, त्यामुळे कापड वाचलं. सकाळी पिशवी उघडली तेव्हा साड्या पत्र्यासारख्या ताठ झाल्या होत्या, आणि त्यांच्यावर रेघा आल्या होत्या. सगळ्या आल्या होत्या. जरा जास्तच आल्या होत्या.

म्हणजे झालं होतं असं. त्या रविवारी प्रदीपच्या हातून चौकट आधी सरकली होती आणि सगळे षटकोन तिरके छापले गेले होते. त्याने गपचूप इस्त्री फिरवून ते उडवले, वरून सरळ छापले, आणि काकूंना कशाला सांगायचं म्हणून गप्प बसला. आता थंडीने सरळ षटकोनही परत आणले आणि तिरकेही. एकमेकांच्या अंगावर चढलेल्या दोन जाळ्या, प्रत्येकीच्या बाहेरच्या रेघा, आतल्या रेघा. कुठली रेघ कुणाची, देवाला ठाऊक. प्रदीपने हे सगळं कबूल केलं आणि दोन्ही कान धरले. त्याला बोलायलासुद्धा बसम्माकडे वेळ नव्हता, बारसं तोंडावर आलं होतं.

शहाण्या बाईने इथे थांबून आपली नेहमीची कौदी शिवायला घेतली असती. विरुपाक्षअण्णांनी तसं सुचवूनही पाहिलं. पण रोज संध्याकाळी महानंदाबाईंची फुलं फोनवर वाढत होती. एक दिवस त्यांनी कडेची वेल दाखवली, दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की तुमचं कुठवर आलं, दाखवा की. बसम्माने सांगितलं की आमच्याकडं बारशाआधी दाखवत न्हाईत. अशी काही रीत नव्हती, तिने ती जागच्या जागी काढली.

ती कापायला बसली. एका रेघेवरून कात्री निघायची, मधे दुसरी रेघ आडवी यायची आणि कात्री बिनबोभाट तिच्या मागे जायची. तुकडे पडत गेले. बसम्मा जोडत गेली. कडेला कड जुळत नसेल तिथे जरा ओढून, जरा ताणून घेतलं, सुईसमोर कोण किती वेळ ताठ राहणार. मान दुखली, बोटं टोचून निघाली, बसवेश दोन दिवस हॉटेलात जेवला. वरचा थर झाला, अस्तर लागलं, धावदोरा भरला. अकलूजला निघायच्या आदल्या दिवशी तिने कौदी जमिनीवर अंथरली.

कौदी अंथरून घेईना. कडा जमिनीला टेकल्या आणि मधला भाग वर फुगून राहिला. बसम्माने मधे दाबलं तर कडा वर आल्या. ती त्यावर बसून उठली. कौदी पुन्हा फुगली.

विरुपाक्षअण्णांनी पेपर खाली ठेवला. लग्न झाल्यापासून असं क्वचितच घडलं होतं. ते कौदीभोवती एक फेरी मारून आले, वाकले, एक एक तुकडा बोटाने मोजला आणि म्हणाले, "अगं, ह्यात सगळे सहा कोनांचे न्हाईत. हितं पाच हायेत, तितं बी पाच. फुटबॉल असाच शिवत्यात."

बसम्मा रडली. मनापासून, पदर तोंडाला लावून रडली. लग्नातली साडी गेली, बोटं गेली, आणि उद्या सगळ्या पाव्हण्यांसमोर महानंदाबाई चष्म्यावरून बघणार आणि काही न बोलता बोलणार. कुठल्याही परिस्थितीत नातीने विहिणीच्या फुलांवर पहिल्यांदा झोपू नये, एवढंच तिला हवं होतं, आणि आता तेच होणार होतं. विरुपाक्षअण्णा म्हणाले की पोटदुखी झाली म्हणून घरी राहा. ती म्हणाली की मग तर विहीण म्हणंल, बघा, आलीच न्हाई. तिने फुटबॉल पिशवीत कोंबला आणि सकाळी सगळे जीपने निघाले.

अकलूजचं घर माणसांनी भरलं होतं. महानंदाबाईंनी बारशासाठी पाळणासुद्धा खास आणवला होता. डेकोरेशनवाल्याकडचा, वेताचा, मोठ्या टोपलीसारखा गोल, फुलांनी मढवलेला. फोटोत गोधडी उठून दिसावी म्हणून तो निवडला होता, हे त्यांनी येईल त्याला सांगितलं. गोधडी पाळण्यावर पसरलेली होती. बसम्माने पाहिली. टाके एकसारखे, फुलाला फूल जुळलेलं, एक कोन इकडचा तिकडे नाही. अशी सुंदर वस्तू पाहून माणसाला बरं वाटायला हवं. बसम्माला तहान लागली.

"आणलीत का तुमची?" महानंदाबाईंनी विचारलं. बसम्माने सांगितलं की पिशवीत हाय, नंतर बघू.

आत्याने कुर्र केलं, नाव ठेवलं, आणि नातीला पाळण्यात घातलं. म्हणजे घालायला गेले. सपाट गोधडी गोल टोपलीत बसेना. चारी कोपरे वर आले, मधे जाड चुण्या पडल्या, त्यातली एक बरोबर लेकराच्या पाठीखाली. पोरीने टाहो फोडला. उचललं, चुण्या सारख्या केल्या, पुन्हा घातलं, पुन्हा टाहो. महानंदाबाईंनी कोपरे आत दुमडले तर मान वर झाली, बाहेर ओढले तर पाय वर झाले. कॅमेरावाला खोळंबला. पोरगी रडून लालबुंद झाली आणि बायकांनी आपापले सल्ले द्यायला सुरुवात केली.

शिवलीलाला काय सुचलं कोण जाणे. तिने सासूच्या पायाशी ठेवलेली पिशवी उपडी केली आणि बसम्मा नको नको म्हणेपर्यंत ती कौदी उलटी करून पाळण्यात टाकली. ती बसली. कडेला कड, तळाला तळ, एक सुरकुती नाही, टोपलीच्या मापाने शिवल्यासारखी. नातीला त्यावर ठेवलं, तिने दोन उसासे टाकले, मूठ तोंडात घातली आणि डोळे मिटले.

सगळ्या बायका पुढे झाल्या. कुणी म्हणालं, काय डोकं लावलंय, पाळण्याचा आकारच शिवलाय. कुणी इरकलीच्या काठावरून हात फिरवला. बसम्माने पदर सावरला. मग तिने हळूच महानंदाबाईंकडे पाहिलं. त्या हसत होत्या, पण ओठच हसत होते. हे हसू बसम्माला चांगलं ओळखीचं होतं, इतके दिवस तिने तेच वापरलं होतं. तिच्या छातीत इतकं गार गार वाटलं की काय सांगावं.

जेवणं झाल्यावर महानंदाबाईंनी तिला स्वयंपाकघरात एकटीला गाठलं. "मला एक सांगा," त्या म्हणाल्या, "तो गोलवा कसा आणलात? मी इतके व्हिडिओ बघितले, कुणीच दाखवत नाही."

जिंकलेलं माणूस उदार होतं. बसम्माच्या मनात आलं, कशाला लपवायचं, बिचारीने सरळ विचारलंय. तिने सगळं खरं सांगितलं. आधी तिरकं छापायचं, ते उडवायचं, वरून सरळ छापायचं, मग साड्या दुपारभर पत्र्यावर टाकायच्या शेवयांच्या शेजारी, मग रात्रभर डेअरीत ठेवायच्या कुल्फीच्या खाली, आणि मग कात्री जाईल तिकडं जाऊ द्यायची. एकही शब्द गाळला नाही.

महानंदाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं नाक लाल झालं.

"सांगायचं नसेल तर सांगू नका, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "पण चेष्टा करू नका."

आणि त्या भांडी आवरायला लागल्या.

परतीच्या वाटेवर विरुपाक्षअण्णांनी विचारलं की विहीणबाई निरोप देताना गप्प का होत्या, रागावल्या काय. "रागावली न्हाय ओ," बसम्मा म्हणाली. "जळली." आणि तिने रसवंतीपाशी जीप थांबवायला लावून ड्रायव्हरसकट सगळ्यांना उसाचा रस पाजला. स्वतः दुसरा ग्लास मागितला. तिच्या चेहऱ्यावर असं तेज बसवेशने त्याच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. शिवलीलाने फोटो पाठवला होता. बसवेशने तो मोठा करून आईच्या हातात दिला. नात गाढ झोपली होती, बसम्माच्या कौदीत, जांभळ्या-डाळिंबी तुकड्यांत गुरफटून, महानंदाबाईंच्या मांडीवर.

"बघ, तुझ्याच कौदीत हाय," विरुपाक्षअण्णा म्हणाले.

बसम्मा कौदीकडे बघत नव्हती. महानंदाबाईंचा एक हात पोरीच्या डोक्याखाली होता आणि दुसरा तिच्या पोटावर, आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकलेली उशी होती, म्हणजे त्या आता बराच वेळ उठणार नव्हत्या.

"शिवलीला हिकडं कधी येणार?" तिने विचारलं.

"बाळाला पाचवा महिना लागला की," बसवेश म्हणाला. "तुझीच रीत की, आई."

बसम्माने फोटो बोटाने सरकवून मांडी बाहेर घालवून पाहिली, पण मग अर्धी नातही जायची. तिने फोन परत दिला. हातातल्या ग्लासातून एक घोट घेतला आणि रसवाल्याला विचारलं की ह्यात नुसतं पाणीच घातलंय काय.